चुन्याच्या वास्तूंवर सिमेंटचा उपाय नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून दिल्ली-आग्र्याला जाणारी अनेक कुटुंबे हुमायूनचा मकबरा पाहतात. सगळ्यांचे लक्ष संगमरवरी घुमटाकडे असते. आमची विनंती आहे की, तिथल्या गच्चीची हकिकतही जाणून घ्यावी. विशेषतः आपल्या महाल भागातली जुनी देवळे, भोसलेकालीन समाधी-छत्र्या आणि रामटेकच्या अंबाला तलावाचे घाट ज्यांच्या देखरेखीखाली आहेत त्यांनी.

हा मकबरा सोळाव्या शतकातला, अकबराच्या काळचा. मूळ गच्ची चुन्याच्या कोब्याची, म्हणजे चुना आणि विटांचे तुकडे ठोकून बसवलेल्या थराची होती. विसाव्या शतकात ती गळू लागली की वर काँक्रीटचा थर टाकायचा, पुन्हा गळाली की पुन्हा थर, असे होत गेले. आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी २००७ ते २०१३ या काळात जे जतनाचे काम केले, त्यात या गच्चीवरून सुमारे दहा लाख किलो काँक्रीट उतरवावे लागले. हजार टनांचे ओझे, आणि ते चढवून गळती थांबली नव्हतीच. काँक्रीटला बारीक चीर पडते, पाणी तिथून आत उतरते आणि वरचा थर घट्ट असल्यामुळे त्याला वाफ होऊन बाहेर पडता येत नाही. ते खालच्या चुन्यात मुरून राहते.

हे समजण्यासाठी मोगल भिंत आतून कशी असते हे पाहिले पाहिजे. ताजमहाल संगमरवराचा म्हणतात, पण मकराण्याचा संगमरवर हे बाहेरचे आवरण आहे. गाभा विटांचा आणि चुन्याचा. आग्र्याच्या किल्ल्याची तटबंदीही लाल दगडाची दिसते, आत विटाच आहेत. दिल्लीत अब्दुर रहीम खानखानाच्या मकबऱ्याचा संगमरवर आणि लाल दगड पुढे सफदरजंगच्या मकबऱ्यासाठी काढून नेला गेला, त्यामुळे तिथे हा गाभा उघडाच पडला होता. अशी जाड भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर ती सोडते. ओल सोडण्याची वाट म्हणजे दगडांमधल्या चुन्याच्या दरजा (सांधे). त्या दरजा सिमेंटने भरल्या की पाणी दगडातून वाट काढते. सोबत सिमेंटमधले क्षार येतात, दगडाच्या पृष्ठभागाजवळ त्यांचे स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आपण याला लोणा लागणे म्हणतो. काही वर्षांनी दगड झिजून आत गेलेला आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या पुढे आलेल्या, असे चित्र दिसते. नरम वालुकाश्मावर हे फार लवकर होते. काळ्या पाषाणात दगड टिकतो, पण आतला चुना कुजून भिंत पोकळ होते, आणि ते बाहेरून कळतही नाही.

चुनाही गळतो, असा आक्षेप येईल. खरा आहे. ताजमहालाच्या मुख्य घुमटाला उत्तरेकडून दोन ठिकाणी पावसाळ्यात गळती लागल्याचे औरंगजेबाने शहाजहानला १६५२ सालीच पत्राने कळवले होते. तेव्हा तो दख्खनच्या वाटेवर होता. वास्तू जेमतेम उभी राहिली होती. फरक एवढाच की, चुन्याची दुरुस्ती उलगडता येते. खराब भाग खरवडून काढा, नवा भरा, मूळ दगडाला धक्का लागत नाही. सिमेंट काढताना दगडाची कड सोबत तुटून येते.

आता काम कसे करावे याविषयी. कळीचा (भाजलेला, न भिजवलेला) चुना पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. तो उसळतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. भिजलेला चुना बारीक जाळीतून गाळून खड्ड्यात घ्यावा आणि वर सतत पाणी ठेवून किमान तीन आठवडे मुरू द्यावा. जितका जुना तितका लोण्यासारखा मऊ होतो. इथे घाई केली तर न भिजलेले कण गिलाव्यात राहतात, महिन्यांनी भिजून फुगतात आणि भिंतीवर खड्डे पडतात. पिशवीतली चुन्याची पूड बऱ्याचदा गोदामात पडून हवेने मेलेली असते. ती रंगकामापुरती ठीक, बांधकामाला नाही.

सुर्खी, म्हणजे विटांची पूड, कच्च्याकडे झुकणाऱ्या भाजणीच्या विटांची हवी. काळपट, फार भाजलेल्या विटेची पूड चुन्याशी संयोग पावत नाही, ती नुसती वाळूसारखी पडून राहते. साधारण प्रमाण एक भाग चुना, एक भाग सुर्खी, एक ते दीड भाग धुतलेली चाळलेली वाळू. पण हे डोळे झाकून घेऊ नये. मूळ चुन्याचा एक तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, उरलेली वाळू व सुर्खी धुऊन, वाळवून तोलली की त्या वास्तूचे स्वतःचे प्रमाण हाती येते; फक्त वाळूत चुनखडीचे कण नाहीत याची खात्री करावी. मिश्रण चुना दळण्याच्या घाणीत दळलेले असावे. फावड्याने कालवलेल्या चुन्याला तशी पकड येत नाही. बेलाच्या गराचे आणि गुळाचे पाणी, उडदाचे पीठ, तागाचे तंतू हे जुने घटक आजही वापरतात, पण बेताने. गूळ जास्त झाला तर भिंतीला बुरशी येते.

दरज साफ करताना ग्राइंडर लावू नये, छिन्नी आणि हलकी हातोडीच. रुंदीच्या दुप्पट खोल खरवडावी, धूळ पाण्याने काढावी, कडा ओल्या असतानाच चुना दाबून भरावा. गिलाव्याचा एक थर १० ते १२ मिलिमीटरहून जाड नको. चुना पाण्याच्या जोडीने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो, म्हणून तो हळूहळू सुकला पाहिजे. भिंतीवर ओले गोणपाट किमान १० ते १४ दिवस. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात चुन्याचे काम काढणे म्हणजे काम फुकट घालवणे. तो तासाभरात वाळतो आणि बोटाने खरवडला तरी पीठ होऊन गळतो.

गच्चीचा कोबा विटांच्या २५ मिलिमीटरपर्यंतच्या तुकड्यांचा. सुमारे १० सेंटीमीटरचा थर, दर ५०-६० सेंटीमीटरला एक सेंटीमीटर उतार, आणि लाकडी थापीने साधारण सात दिवस ठोकणे. थापी उसळू लागली, उमटेनाशी झाली, की कोबा बसला. बहुतेक गच्च्या बिघडतात त्या या ठोकण्यात चुकारपणा झाल्यामुळे. मजुरीचे दिवस वाचवायचे म्हणून 'थोडेसे सिमेंट' मिसळण्याची पद्धत तर सर्वांत वाईट. त्याने ताकद येत नाही, क्षार मात्र येतात.

दगड सांधणाऱ्या लोखंडी क्लॅम्पकडेही पाहावे. गंजलेले लोखंड फुगते आणि दगड आतून फाडते. ताजच्या संगमरवरातल्या काही तड्यांचे कारण हेच आहे. तिथे स्टेनलेस स्टील किंवा तांबे हवे. दगड धुण्यासाठी आम्ल किंवा वाळूचा फवारा कधीच नको. ताजवर मुलतानी मातीचा लेप लावून, वाळू देऊन, शुद्ध पाण्याने धुतात. दगडाला ओरखडा न पडू देता मळ काढण्याची ती पद्धत आहे. आणि जुन्या दगडी देवळाला ऑइल पेंट लावणे म्हणजे त्याचे तोंड दाबून ठेवणे. किती सुंदर दगड या शहरात रंगाखाली गुदमरलेला आहे!

औरंगजेबाच्या दरबाराशी संबंध आलेल्या बख्त बुलंद शहाने वसवलेले हे शहर. त्याच्या आणि भोसल्यांच्या काळचे जे उरले आहे तेही याच चुन्यावर उभे आहे. म्हणून दुरुस्तीच्या निविदेत तीन अटी लेखी असाव्यात: सिमेंट कोणत्याही प्रमाणात चालणार नाही, मूळ चुन्याची तपासणी आधी होईल, आणि चौरस मीटरभर नमुन्याचे काम एक महिना पाहून मगच पुढचे सुरू होईल. निविदा सर्वांत कमी दराच्या निकषावर दिली, तर चुना मुरायला लागणारे आठवडे ठेकेदाराच्या हिशेबात बसणार नाहीत. त्या आठवड्यांचे आणि घाणीच्या मजुरीचे पैसे स्वतंत्र बाब म्हणून दाखवावेत. पाऊस थांबला आहे. कोजागिरीला चुना भिजत घातला, तर कार्तिकाच्या शेवटी दरजा भरायला घेता येतात आणि उन्हाळ्याआधी कोबा पुरता बसतो.

आपले,
जुन्या दगडी बांधकामांच्या जतनाचे काम करणारे काही स्थापत्य अभियंते आणि गवंडी,
नागपूर