फोटोतल्या बाईला तिचा फोटो द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाला आपण स्त्री छायाचित्रकारांवर पुरवणी काढली, ती मी दोनदा वाचली. होमाय व्यारावालांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावानं छापून येत, आणि पुढे २०११ मध्ये त्यांनाच पद्मविभूषण मिळालं, हे वाचून बरं वाटलं. पण सगळा भर कॅमेरा कुणाच्या हातात, यावर होता. मला कॅमेऱ्यासमोर बसलेल्या बाईबद्दल लिहायचं आहे. माझी आई तिथे दोनदा बसली होती.

आम्ही घरात तेलुगू बोलतो, म्हणून अम्मा. सोलापुरातल्या दत्त नगरातल्या आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून तिनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. १९९६ मध्ये कारखान्याच्या माणसाबरोबर एक फोटोग्राफर गल्लीत आला. त्यानं अम्माला उजेडात बसवलं, सूप तिरकं धरायला लावलं, पदर नीट घ्या, जरा हसा म्हणाला. दहा मिनिटांत काम आटोपलं. पुढच्या वर्षी अम्माच्या प्रॉव्हिडंट फंडाचा कागद घेऊन मी एका कार्यालयात गेले, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर अम्मा! मागितलं तेव्हा 'वर्ष संपल्यावर या' असं उत्तर मिळालं. जानेवारीत गेले, तोवर ते रद्दीत गेलं होतं. अम्मानं तो फोटो कधी पाहिलाच नाही. मी सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं, आणि कुठली साडी होती एवढंच विचारलं.

दुसऱ्यांदा, २०११ च्या पावसाळ्यात, फोटोग्राफी शिकणारी एक मुलगी आली. पहिल्या दिवशी तिनं कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. अम्माशेजारी फरशीवर बसून, पत्र्याच्या मापावर पान ठेवून कात्रीनं कापायला शिकली, आणि बरीच पानं वाया घालवली. अम्मा रागावली. पानं कारखान्यातून वजनावर मिळतात. कमी पडली तर बाईला पदरचे पैसे घालून बाजारातून आणावी लागतात. दुसऱ्या दिवशी ती मुलगी पानं विकत घेऊन आली. त्या दिवसापासून अम्मा तिला 'बिड्डा', म्हणजे लेकरू, म्हणू लागली.

बाईनं बाईचा फोटो काढला की काय फरक पडतो, ते मला तेव्हा कळलं. परक्या पुरुषासमोर अम्मा सावरून बसायची. या मुलीसमोर तिचा पदर कमरेला खोचलेला होता आणि उजवा पाय लांब पसरलेला, कारण तो गुडघा वाकत नव्हता. तो पाय फोटोत आला. विडीचं तोंड दुमडून दुमडून झिजलेलं अंगठ्याचं नखही आलं. कॅलेंडरवाल्याला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी ती आठ बाय दहाची प्रिंट घेऊन आली. अम्मानं चष्मा लावला. स्वतःच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बोट ठेवून सुपातल्या जुड्या मोजल्या. पंचवीस विड्यांची एक जुडी, चाळीस झाल्या की हजार. अठरा भरल्या. म्हणाली, "बिड्डा, हा बारा वाजायच्या आतला फोटो आहे." आणि तो खरंच सकाळचा होता.

पण नुसतं बाई असणं पुरत नाही, हेही लिहायला हवं. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमो इथे, मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. तो जगभर गेला, आजही जातो. लँग यांनी तिला तिचं नाव विचारलं नव्हतं; तसं त्यांनीच पुढे लिहिलं. १९७८ मध्ये एका वार्ताहरानं त्या बाईला शोधून काढलं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन त्यांचं नाव. त्यांची तक्रार अशी की, फोटो पाठवते म्हणाली होती, कधी पाठवला नाही. लँग सरकारी कामावर होत्या, फोटो सरकारच्या मालकीचे होते, हे खरं. तरी एक प्रत पाठवता आली असती, असं मला मनापासून वाटतं.

उलट छायाचित्रकार गौरी गिल यांनी २००३ मध्ये राजस्थानात लुणकरणसरला, मुलींच्या मेळाव्यात फोटोचा तंबू उभारला. कसं उभं राहायचं ते मुलींनी ठरवायचं, आणि हवी तिला प्रिंट कमी दरात. मला आमच्या गड्ड्यातले, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतले, फोटोवाले आठवले. बांगलादेशच्या छायाचित्रकार तस्लिमा अख्तर तर कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेतच काम करतात. २०१३ मध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळल्यावर ढिगाऱ्यात एकमेकांना मिठी मारलेल्या दोघांचा फोटो त्यांनी काढला, आणि ते दोघं कोण होते याचा खूप शोध घेतला. सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या हजारो बाया आहेत. त्यांनी तो फोटो पाहावा असं मला वाटतं.

आपण ८ मार्चला आणि १ मेला विडी कामगार बायांचे फोटो छापता. खाली असतं, 'विडी वळताना महिला'. माझी विनंती आहे की फोटोग्राफरनं त्या बाईला विचारून तिचं नाव लिहून घ्यावं, तिची तयारी असेल तर छापावं, आणि एक प्रिंट तिच्या घरी पोचवावी. हुतात्मा स्मृती मंदिराच्या परिसरात फोटोंची प्रदर्शनं भरतात तसं एखादं कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतही भरवावं. विड्या द्यायला निघालेल्या बाया येता-जाता पाहतील.

२०१९ मध्ये अम्मा गेली. हार घालायला फोटो शोधला, तर विडी कामगाराच्या ओळखपत्रावरचा पुसट झालेला. आम्ही पाय लांब केलेला तोच फोटो लावला. नातेवाईक कुरकुरले, असा फोटो लावतात का म्हणून. तो अजून तिथेच आहे.

प्रिंट पोचवायला माणूस नसेल, तर दत्त नगर आणि आसपासच्या गल्ल्यांत मी स्वतः नेऊन देईन. दुपारी चारनंतर मी मोकळी असते.

आपली,
एका विडी कामगार बाईची मुलगी
दत्त नगर, सोलापूर