मुका झालेला प्लेयर भंगारात घालायच्या आधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की आमच्या देवगडच्या बाजूला दरवर्षी हेच दिसतं, चाकरमानी गावाला येतात, कपाटातनं गाण्यांचा छोटा प्लेयर काढतात, बटण दाबतात आणि आवाज नाही. मग तो पोरांच्या हातात नाहीतर थेट भंगारवाल्याच्या पोत्यात जातो. मला यावर लिहायचंय कारण यातले बरेचसे प्लेयर मेलेले नसतात हो, त्यांना आपली खारी हवा बाधलेली असते. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ धातूवर बसतं आणि ओल धरून ठेवतं, त्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात, मग तांब्या-पितळेच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, स्प्रिंगला गंज लागतो आणि करंट पुढे सरकत नाही. घाटावर कपाटात पडून राहिलेला प्लेयर बहुतेक वेळा चालू होतो, आपल्याकडे मात्र पडून राहिला की गेलाच.

आमच्या शेजारच्या काकींचं सांगतो. काका भजनात बुवा होते, डबलबारीला लांब लांब जायचे, त्यांची भजनं पुतण्याने मोबाईलवर रेकॉर्ड करून मेमरी कार्डात भरून दिलेली. काका गेल्यापासून रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की काकी तो प्लेयर लावायच्या. यंदा ऐन पावसात तो मुका झाला. तालुक्याला एका दुकानात नेला तर उघडूनसुद्धा न बघता सांगितलं, स्पीकर गेला, नवीन घ्या. काकी म्हणाल्या, "ह्यो काय आता बोलना नाय."

पण डिस्प्लेवर सेकंद पुढे सरकत होते, म्हणजे बॅटरी, कार्ड, सर्किट सगळं चालू. हेडफोन लावला तर काकांचा आवाज स्वच्छ! आता असं असेल तर दोष कुठे शोधायचा, तर हेडफोनच्या भोकात. त्या साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमध्ये आत एक बारीक पट्टी असते, पिन आत गेली की ती बाजूला सरते आणि स्पीकर बंद होतो, पिन काढली की परत जागेवर टेकते आणि स्पीकर चालू. पट्टीच्या टोकावर थर बसला की ती टेकूनही न टेकल्यासारखी, आणि प्लेयरला वाटत राहतं की हेडफोन लावलेलाच आहे. खालचे चार स्क्रू काढून बघितलं तर अगदी तसंच होतं, पट्टीचं टोक हिरवं पडलेलं. हेडफोनची पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओली करून बऱ्याच वेळा आतबाहेर केली, पट्टीला बारीक ब्रश मारला, वाळू दिलं आणि चालू केला. काकींनी आधी हात जोडले, मग म्हणाल्या आवाज वाढव. स्पीकरला काही झालेलंच नव्हतं. न उघडताच नवीन घ्या म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो, त्या डबीत माणसाचा आवाज असतो, तो दुकानात मिळत नाही.

आपल्या वाचकांना उपयोग व्हावा म्हणून आणखी थोडं लिहितो. काहीही करायच्या आधी मेमरी कार्ड काढा आणि त्यातलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, प्लेयर परत मिळतो, रेकॉर्डिंग नाही मिळत. कार्ड वाचत नसेल तर त्याचे सोनेरी टोक मऊ कापडाने पुसून बघा. आणि मोठं कार्ड घालून प्लेयर सुधारत नाही, जुने प्लेयर ३२ जीबीपर्यंतचं फॅट३२ फॉरमॅटचं (फॉरमॅट म्हणजे कार्डावर फाइली मांडायची पद्धत) कार्ड वाचतात, ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत येतं आणि ते त्यांना समजतच नाही, लोकांना वाटतं प्लेयर बिघडला. मुंबईहून येणारे जुने आयपॉडसुद्धा अजून घराघरात आहेत (ॲपलने २००१ मध्ये आणले आणि २०२२ मध्ये बंद केले), त्यातला गोल चक्रीवाला अडकला तर होल्डचं बटण एकदा सरकवून परत मागे घ्या, मग मेन्यू आणि मधलं बटण एकदम सहा-आठ सेकंद दाबून धरा, बऱ्याचदा तेवढ्याने उठतो.

चार्ज होत नाही ही दुसरी मोठी तक्रार. आधी केबल बदला. हल्लीच्या मोबाईलबरोबर दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल येते, तिने स्वस्तातले बरेच प्लेयर चार्जच होत नाहीत, कारण त्यांच्या सर्किटमध्ये ५.१ किलोओहमचे दोन बारकेसे रेझिस्टर बसवलेलेच नसतात आणि ते नसले की चार्जर करंट सोडत नाही. एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी असलेली केबल आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर लावा, लगेच कळेल. तरी नाही झालं तर बॅटरी मोजा, दोन-तीनशे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. पूर्ण चार्ज झालेली लिथियम बॅटरी ४.२ व्होल्टच्या आसपास दाखवते, तीनच्या बरीच खाली गेली असेल तर तिला जबरदस्तीने जागं करायला जाऊ नका, बदला.

साफसफाईला सॅनिटायझर नको, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं आणि ते चिकट राहतं. पेट्रोल, थिनर तर अजिबात नको, प्लास्टिक विरघळतं. भिजलेला प्लेयर तांदळात पुरून ठेवतात त्यानेही आतलं मीठ निघत नाही, उलट तांदळाची भुकटी आत जाते. बॅटरी काढून, उघडून, अल्कोहोलने पुसून, पंख्याखाली सावकाश वाळवणं हाच उपाय. आणि बॅटरी फुगून झाकण वर आलं असेल तर घरी हात लावू नका, टोचू नका, दाबू नका, ती पेट घेते, तेवढं काम जाणकारावरच सोडा.

आता कंपन्यांचं. पूर्वी कितीतरी छोट्या रेडिओ-प्लेयरमध्ये नोकियाच्या फोनची ती बीएल-५सी बॅटरी असायची, नखाने झाकण उघडा, दुसरी घाला, गावातल्या किराणा दुकानात पण मिळायची. हल्ली बॅटरी आत डिंकाने चिकटवलेली आणि वायर डाग देऊन जोडलेली, उघडायला गेलं की कव्हरच फुटतं. हे असं का करायचं? युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे असा कायदा लागू होतोय. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टल काढलं, नंतर वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे याचे गुण पाकिटावर छापायचा विषय आला, पण त्याची सुरुवात मोबाईल आणि टॅबलेटपासून करायची शिफारस आहे. म्हाताऱ्या माणसांचे प्लेयर, रेडिओ त्यात कधी येणार? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा घरात बॅटरीवर बोलणारी एक वस्तू असणं म्हणजे काय ते तिथल्या लोकांना विचारा.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जिल्ह्यातल्या प्रत्येक आयटीआयने श्रावणात, चाकरमानी यायच्या आधी, एक दिवस दुरुस्तीसाठी ठेवावा, पोरांना शिकायला मिळेल आणि गावातले बंद पडलेले प्लेयर-रेडिओ उघडून तरी बघितले जातील. आणि ग्रामपंचायतींनी जुन्या बॅटऱ्यांसाठी झाकणाचा वेगळा डबा ठेवावा. बॅटरीच्या कचऱ्याबद्दलच्या २०२२ च्या केंद्राच्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, पण आमच्या गावात असा डबा नाही, फुगलेली बॅटरी लोक परसात टाकतात नाहीतर पालापाचोळ्याबरोबर जाळतात. निदान यंदाच्या गणपतीआधी तालुक्याच्या गावी एक डबा कुठे ठेवलाय एवढं जरी प्रशासनाने आपल्या पेपरातून जाहीर केलं तरी आम्ही गावातल्या बॅटऱ्या गोळा करून तिथे आणून देऊ.

आपला,
एक वाचक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग