ताम्बुरीच्या बंद खिडक्या : इटलीच्या पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. जिल्बेर्तो पिकेत्तो फ्रातिन,
पर्यावरण आणि ऊर्जा सुरक्षा मंत्री, इटली

विषय : तारांतो शहराची हवा

महोदय,
स. न. वि. वि.

मी सिंधुदुर्गातल्या रेडीचा. तीस वर्षे बोटीवर नोकरी केली, शेवटी चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. ब्राझीलच्या तुबारांव बंदरात लोखंडाचे खनिज भरायचे आणि तुमच्या तारांतोला उतरवायचे, अशा नऊ फेऱ्या माझ्या नावावर आहेत. या पत्राची इटालियन प्रत आपल्याला वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहितो ते आमच्या माणसांसाठी. खाणीची लाल धूळ काजूच्या पानांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर कशी बसते, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

तारांतो दोन समुद्रांचे शहर. बाहेर मोठा समुद्र, आत छोटा, मधल्या बेटावर जुनी वस्ती. स्पार्टाच्या लोकांनी अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ते वसवले. 1965 साली तिथे पोलाद कारखान्याचे उद्घाटन झाले. सुमारे 15 चौरस किलोमीटरचा तो पसारा थेट ताम्बुरी नावाच्या वस्तीच्या अंगावर आला आहे. पुढे कारखाना सरकारकडून खाजगी मालकांकडे गेला, हात बदलत राहिला. ताम्बुरी होती तिथेच आहे.

एका फेरीत खनिज उतरायला वेळ लागत होता, तेव्हा शिपिंग एजंटाकडचा एक मुलगा मला घरी जेवायला घेऊन गेला. त्याच्या आईने शिणाणे, म्हणजे समुद्रातली काळी शिंपली, रांधले होते, आमच्याकडे करतात तेच. वाढताना ती म्हणाली, हे छोट्या समुद्राच्या पहिल्या कप्प्यातले नाहीत, काळजी करू नका. त्या कप्प्यातल्या शिणाण्यांत डायॉक्सिन आणि पीसीबी ही विषारी रसायने सापडल्यामुळे 2011 मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी आली होती. जेवण झाल्यावर मुलाने गॅलरीच्या संगमरवरी कठड्यावरची धूळ कागदावर झटकून घेतली आणि फ्रीजवरचा लोहचुंबक कागदाखालून फिरवला. धूळ मुंग्यांच्या रांगेसारखी चुंबकामागे चालू लागली. त्याची आई हसली, आणि फडके घेऊन तिने कठडा पुसला. सकाळपासून ते तिसऱ्यांदा होते. मी काही बोललो नाही. खाली बंदरात आमच्या होल्डमधून, म्हणजे बोटीच्या कोठारातून, क्रेनचा पंजा भरभरून जे निघत होते, ते कुठे चालले आहे हे मला तोवर फक्त कागदोपत्री माहीत होते.

तारांतोत ‘वाऱ्याचा दिवस’ हा सरकारी शब्द आहे. वायव्येकडून जोराचा वारा येणार असेल, म्हणजे कारखान्यावरून वस्तीवर, तर आधी सूचना निघते. मग खिडक्या लावून घ्या, घरात हवा घ्यायची तर अमुक वेळातच घ्या, असे लोकांना सांगितले जाते. 2017 मध्ये तर अशा दिवसांत ताम्बुरीच्या शाळाच बंद ठेवाव्या लागल्या. खनिजाचे उघडे ढीग नंतर प्रचंड छपरांखाली गेले, ते चांगलेच झाले. पण भट्ट्या आणि कोक ओव्हन (कोळसा भाजून कोक करायच्या भट्ट्या) यांच्या धुराला छप्पर घालता येत नाही. वाऱ्याचा अंदाज आधी कळतो, तर दर वेळी घरांनीच का दारे लावायची? कारखान्याने का थांबू नये?

वर्षाची सरासरी कायद्याच्या मर्यादेत आहे, हे उत्तर मला ठाऊक आहे. पीएम 10 ची, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीची, युरोपातली वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटना म्हणते 15. कायदा पाळला जातो तेव्हाही या दोन आकड्यांच्या मध्ये माणसे राहतात. शिवाय सरासरीत वाऱ्याचा दिवस बुडून जातो. लहान मूल त्या दिवशी त्या दिवसाचीच हवा घेते. आणि बेन्झीन, बेन्झोपायरीन ही कर्करोगाला कारण होणारी रसायने धुळीच्या आकड्यात दिसत नाहीत.

हे सगळे न्यायालयांपुढे येऊन गेले आहे. 2012 च्या जुलैमध्ये तारांतोच्या न्यायाधीश पात्रित्सिया तोदिस्को यांनी भट्ट्यांचा भाग जप्त केला. मग रोमहून एकामागून एक वटहुकूम आले आणि काम चालू राहिले. 24 जानेवारी 2019 ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने इटलीला दोषी धरले. 25 जून 2024 ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितले की पर्यावरणाला आणि आरोग्याला गंभीर धोका असेल तर कारखान्याला सुधारणांसाठी मुदतवाढ नाही, काम थांबले पाहिजे. 2021 मध्ये जुन्या मालकांना प्रदूषणाबद्दल झालेल्या शिक्षा मात्र 2024 मध्ये रद्द झाल्या आणि खटला पोटेंझा या दुसऱ्या शहरात गेला, कारण नुकसानभरपाई मागणाऱ्यांत तारांतोतलेच मानद न्यायाधीश होते. महोदय, हे मी दोनदा वाचले. ज्या शहरात न्याय करणाराही पीडितांच्या यादीत निघतो, त्या शहराबद्दल आपण बोलत आहोत.

आणि जुलै 2025 मध्ये त्याच कारखान्याला 12 वर्षांचा नवा परवाना मिळाला, कोळशावर वर्षाला 60 लाख टनांपर्यंत पोलादाचा. पुढच्याच महिन्यात, कोळशाच्या भट्ट्या जाऊन विजेच्या भट्ट्या येतील, अशा करारावर सह्या झाल्या. लोकांनी कोणता कागद खरा मानायचा?

हजारो घरांची चूल त्या कारखान्यावर पेटते. मीही पोलादाच्याच धंद्याचा पगार खाल्ला आहे, त्यामुळे उद्या कुलूप लावा असे मी म्हणणार नाही. त्या मुलाचे वडील भट्टीवर होते, घर त्यातूनच उभे राहिले. पण पगार आणि श्वास यांतले एकच काय ते निवडा, हा प्रश्न सरकारने कामगारासमोर ठेवू नये. विजेच्या भट्टीवरही कामगार लागतात. ते काम शिकवणे आणि मधल्या काळात पगार चालू ठेवणे हे रोमचे काम आहे.

माझ्या जुन्या कार्गो वह्या अजून घरी आहेत. तारांतोच्या नऊही फेऱ्यांत हॅच, म्हणजे कोठाराचे झाकण, किती वाजता उघडले, किती टन उतरले, पावसामुळे किती मिनिटे काम थांबले, सगळे लिहिलेले आहे. पाऊस आला की आम्ही हॅच बंद करायचो, माल भिजू नये म्हणून.

आपल्याकडून मला एवढेच हवे आहे. कोळशावरची प्रत्येक भट्टी कोणत्या तारखेला बंद होणार ते परवान्यात लिहा. तोवर वाऱ्याच्या दिवशी कोक ओव्हनचे काम कमीत कमी पातळीवर आणा. आणि त्या तारखांचा कागद ताम्बुरीतल्या शाळेच्या फाटकावर लावा.

आपला,
एक निवृत्त चीफ ऑफिसर
रेडी, ता. वेंगुर्ला