इंग्रजीच्या तासातून मराठी हाकलू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही नको’ असं एका पालकांचं पत्र आपल्या अंकात वाचलं. त्यांची कळकळ खरी आहे. पण कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत ३१ वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले, त्यामुळे गप्प बसवेना.

पहिली दहा वर्षं मी उलट्या बाजूने चुकले. वाक्य वाचायचं, मराठीत अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहायची, पोरांनी ती उतरवून घ्यायची. पॅसिव्ह व्हॉइस तोंडपाठ, पण शेजारच्याकडे इंग्रजीत खोडरबर मागता येईना. हीच पोरं आठवडी बाजारात ‘एष्टु?’ विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये घासाघीस करायची! ते कन्नड कुठल्या धड्यातून आलं नव्हतं. मिरच्या खपवायच्या होत्या, म्हणून आलं.

पुढे बंगळूरला प्रशिक्षणाला गेले. तिथे भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांच्या प्रयोगाची माहिती मिळाली. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रासकडच्या साध्या शाळांत त्यांनी व्याकरणाचे धडे बाजूला सारले आणि मुलांपुढे नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं ठेवली. मुलांचं डोकं कोडं सोडवण्यात गुंतलं की भाषा त्या ओघात अंगवळणी पडते, असा त्यामागचा विचार. आपल्याच राजधानीतली ही गोष्ट मला नोकरीला दहा वर्षं झाल्यावर कळली, याची अजून लाज वाटते.

परत आल्यावर मी फळ्यावर बेळगाव, देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा अशी स्टेशनं लिहिली आणि शेजारी मनाने वेळा टाकल्या. लोंढ्याला मामाचं लग्न, अकराच्या आत पोचायचं, तर कुठली गाडी? पोरं आधी मराठीत भांडली. ‘ती नको गं, ती गुंजीला थांबत बसते की!’ मग एक मुलगा उठून म्हणाला, ‘ट्रेन गो टेन ट्वेंटी.’ मी त्याची चूक काढली नाही. ‘यस, द ट्रेन गोज ॲट टेन ट्वेंटी,’ एवढं म्हणून पुढे गेले. दोनेक महिन्यांनी बऱ्याच जणांच्या तोंडी ‘गोज’ येऊ लागलं. सगळ्यांच्या नाही. पण त्या मराठी भांडणावर बंदी असती तर तो मुलगा उठलाच नसता.

दुसरं, काही गाठी मराठीतच सुटतात. ‘फीवर केम टू मी’ हे वाक्य दरवर्षी कुणीतरी लिहायचंच. आपल्याकडे ताप येतो, इंग्रजीत तो जवळ बाळगावा लागतो, असं एकदा मराठीत सांगितलं की वर्ग हसतो आणि ‘आय हॅव अ फीवर’ लक्षात राहतं. हेच इंग्रजीत समजावायला गेले तर अर्धा तास जाईल आणि ताप मलाच येईल. अख्खा तास मराठीत घ्यावा असं मी म्हणत नाही. मीठ लागेल तेवढंच.

एकदा तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसले आणि शेऱ्यात लिहून गेले : ‘मराठीचा वापर टाळावा.’ पालकही म्हणायचे, बाई रेल्वेचा खेळ खेळत बसतात. माझ्या वर्गाचे गुणही काही उड्या मारून वाढले नाहीत, हेही सांगते. पेपरात पुस्तकातलीच प्रश्नोत्तरं, मग गाइड पाठ करणाराच पुढे. प्रभूंनीच पुढे १९९० मध्ये एका लेखात मांडलं की सर्वांत चांगली अशी एकच पद्धत नसते, शिकवणाऱ्याला स्वतःचं शिकवणं मनापासून पटलेलं असावं लागतं. शेरा लिहिणाऱ्या साहेबांना मी नेमकं काय करतेय ते विचारावंसंही वाटलं नाही.

आपल्याला एक विनंती. मुलांच्या पानावर आठवड्यातून एकदा बेळगाव बसस्टँडचं छोटं वेळापत्रक इंग्रजीत छापा, खाली पाच प्रश्न द्या. उत्तरं मात्र छापू नका, नाहीतर गाइडवाले उचलतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर