मासे मेले नाहीत म्हणजे पाणी चांगलं आहे असं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

नदीत मासे मरून तरंगायला लागले की तुम्ही फोटोसकट बातमी लावता, ते बरोबरच आहे, लावायलाच पाहिजे. पण मासे मेले नाहीत म्हणजे पाणी ठीक आहे असं जे सगळे धरून चालतात ना, त्याबद्दल लिहायचंय. मी प्राणिशास्त्र शिकवते, माशांच्या रक्ताच्या स्लाइड बघण्यात बरीच वर्षं गेलीत, म्हणून राहवत नाही.

कीटकनाशक माशांना किती घातक आहे हे ठरवायची नेहमीची टेस्ट म्हणजे 96 तासांत निम्मे मासे मरतील ते प्रमाण काढायचं. जे निम्मे जगले त्यांच्या आत काय झालं हे त्या आकड्यात येतच नाही. त्या प्रमाणाच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या औषधात ठेवलेले मासे पोहतात, खातात, वरून धडधाकट दिसतात आणि त्यांच्या पेशींमधला डीएनए मात्र तुटलेला सापडतो. क्लोरपायरिफॉस, मॅलॅथिऑन, सायपरमेथ्रिन, प्रोफेनोफॉस अशा कितीतरी औषधांवर हे प्रयोग झालेत. एंडोसल्फानवरही झाले, त्याला स्टॉकहोम करारात, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात, बंदीच्या यादीत टाकायला 2011 उजाडलं.

होतं असं की मासा श्वास घेताना सतत पाणी कल्ल्यांवरून नेतो आणि कल्ल्यांचं आवरण अगदी पातळ, त्यामुळे औषध तिथून थेट रक्तात आणि तिथून यकृतात जातं. यकृत ते मोडायला घेतं, त्या खटाटोपात ऑक्सिजनचे फार आक्रमक रेणू तयार होतात, थोडे असले तर शरीरातली एन्झाइम्स त्यांना आवरतात पण औषध येतच राहिलं तर ती पुरी पडत नाहीत, मग हे रेणू डीएनएला भिडतात. धागे तुटतात, डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन हे अक्षर बिघडतं आणि पुढे कॉपी होताना त्याच्यासमोर चुकीचं अक्षर बसतं.

हे डोळ्यांनी बघता येतं बरं का. पेशी जेलमध्ये बसवून तिचं आवरण विरघळवायचं आणि करंट सोडायचा, डीएनए धड असेल तर गोल ठिपका राहतो, तुटका असेल तर तुकडे पॉझिटिव्ह टोकाकडे सरकतात आणि ठिपक्याला शेपूट फुटतं, अगदी शेंडेनक्षत्रासारखं. म्हणूनच याला कॉमेट टेस्ट म्हणतात. दुसरी टेस्ट याहून साधी आहे. आपल्या लाल रक्तपेशींत केंद्रक नसतं, माशांच्या असतं. पेशी विभागताना गुणसूत्राचा तुकडा मागे राहिला तर मोठ्या केंद्रकाशेजारी एक बारका ठिपका दिसतो, त्याला मायक्रोन्यूक्लियस म्हणतात. पहिल्यांदा असा ठिपका बघितला तेव्हा मला वाटलं रंगाचा डाग आहे, पण शेजारच्या पेशीत तसाच, पुढे अजून एक, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मासा स्वच्छ पाण्यात सोडला तर काही दिवसांत बरीच तुटफूट भरून निघते, ही खरंच दिलासा देणारी गोष्ट आहे. पण नदीतल्या माशाला ती सवड कुठे मिळते, एक फवारणी झाली की दुसरी, वर पाऊस, आणि एकाच वेळी चार-पाच औषधं एकत्र. शुक्राणूंचा डीएनए बिघडला तर अंडी कमी फुटतात, पिल्लं वेडीवाकडी निघतात, मासे मरताना कोणी बघत नाही, फक्त वर्षागणिक जाळ्यात कमी येतात.

एक गैरसमज मात्र पसरू नये. असा मासा खाल्ला म्हणून आपला डीएनए तुटत नाही, माशाचा डीएनए आपल्या पोटात पचून जातो. मांसात औषधाचा अंश किती उरलाय हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच तपासावा लागतो.

शेतकऱ्यांना दोष देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. फवारणीचा पंप ओढ्यात न धुणं, पाऊस अंगावर आलेला असताना न फवारणं, काठाने गवताचा पट्टा राखणं, एवढ्यानेही पाण्यात जाणारं औषध कमी होतं. पण पाणी तपासणाऱ्या यंत्रणांनी नुसतं पाणी बाटलीत भरून नेऊ नये, त्याच पाण्यातल्या जिवंत माशांचं रक्तही बघावं, आणि तुमच्या बातमीदारांनी पुढच्या वेळी त्यांना हे जरूर विचारावं. मासा मारावा लागत नाही. शेपटाजवळून रक्ताचा एक थेंब, काचपट्टी, गिम्साचा रंग आणि मायक्रोस्कोप, इतकंच लागतं, कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये असतं ते.

आपली नियमित वाचक