जॉर्ज वोल्टमन यांस, प्राइम९५ च्या टॉर्चर टेस्टबद्दल

आदरणीय जॉर्ज वोल्टमन यांस,
सप्रेम नमस्कार.

१९९६ साली मर्सेन मूळ संख्यांचा (दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांचा) शोध तुम्ही घराघरांतल्या कॉम्प्युटरांवर वाटून दिलात. त्या कामात मशीन दगा देतेय का, हे कळावं म्हणून प्राइम९५ या त्यासाठीच्या प्रोग्रॅममध्येच टॉर्चर टेस्टही, म्हणजे मशीनला पूर्ण भार देऊन तपासणारी चाचणीही ठेवलीत. ओव्हरक्लॉक करणारे, म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणारे, पहिल्याच खिडकीत 'जस्ट स्ट्रेस टेस्टिंग' (फक्त भार-चाचणी) निवडतात आणि मूळ संख्यांकडे वळतही नाहीत. त्या सगळ्यांच्या वतीने हे पत्र.

ओव्हरक्लॉक केलेला कॉम्प्युटर बंद पडला तर निदान कळतं तरी. खरा धोका असतो तो चालू राहून चुकीचं उत्तर देणाऱ्या मशीनचा. गेम चालतो, व्हिडिओ चालतो, आणि महिन्याभराने जपून ठेवलेली झिप फाइल उघडत नाही. तुमच्या टेस्टला बरोबर उत्तर आधीच ठाऊक असतं, म्हणून तिथे असं काही खपत नाही. प्रचंड संख्यांचे वर्ग एफएफटी या झटपट गुणाकाराच्या गणिती पद्धतीने काढताना आकडेमोड अपूर्णांकांत होते आणि शेवटी प्रत्येक उत्तर पूर्णांकाच्या जवळ यावं लागतं. 'राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी हवं होतं' या संदेशाचा अर्थ एवढाच की उत्तर दोन पूर्णांकांच्या बरोबर मध्ये लटकलंय आणि खरा कुठला ते आता कोणालाच सांगता येणार नाही. २०१८ मध्ये सापडलेली मर्सेन मूळ संख्या २,४८,६२,०४८ अंकी आहे. तशा संख्येच्या तपासणीत वाटेत एक बिट जरी उलटला आणि तो पकडला गेला नाही, तर सगळी मेहनत वाया. एवढ्या कडक कामासाठी घडवलेली फूटपट्टी तुम्ही आमच्या हातात फुकट दिलीत.

ती नीट वापरणं मात्र शिकावं लागतं. ४.५ चे ४.९५ गिगाहर्ट्झ करायला व्होल्टेज १.२० वरून १.३२ वर न्यावं लागलं, तर दोन्ही वाढी दहा-दहा टक्क्यांच्याच. पण विजेचा खप वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे सुमारे ३३ टक्क्यांनी. ही उष्णता कूलरला झेपते का, हे टेस्टमधला 'स्मॉल एफएफटी' हा पर्याय लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत दिसतं, कारण त्यात सगळा डेटा कॅशेत (प्रोसेसरमधल्या छोट्या, जलद मेमरीत) मावतो आणि कोअरला (प्रोसेसरमधल्या आकडेमोड करणाऱ्या भागाला) रॅमची वाट पाहण्याचीसुद्धा उसंत मिळत नाही. एव्हीएक्स (एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) चालू असेल तर भार आणखी वाढतो. तापमानासोबत वेगाचा आकडाही पाहत राहा, असं नव्या मंडळींना आम्ही पुनःपुन्हा सांगतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर ९५ अंशांना आणि इंटेलचे बरेच १०० अंशांना पोहोचले की आपला वेग आपणच उतरवतात. मग टेस्ट पास होते, पण आपण लावलेल्या वेगाला नाही.

चूक कुठे झाली यावरून दोष कुठे आहे तेही कळतं, आणि याबद्दल तुमचे विशेष आभार. स्मॉल एफएफटीत दर वेळी एकच वर्कर (टेस्टचा एका कोअरवर चालणारा भाग) थांबत असेल तर तो कोअर कमजोर आहे. व्होल्टेज ०.०१ व्होल्टने वाढवा किंवा मल्टिप्लायर (वेगाचा गुणक) एकाने उतरवा. स्मॉल तासन्‌तास पास आणि 'ब्लेंड' (रॅमवरही भार टाकणारा पर्याय) मात्र नापास, तर संशय रॅमवर किंवा मेमरी कंट्रोलरवर घ्यावा. एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमचा वेग वाढवणारी तयार सेटिंग लावणं हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. रॅमचा वेग बदलल्यावर विंडोज सुरू करण्याआधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या निदान चार फेऱ्या होऊ द्याव्यात. खराब रॅमवर विंडोज चालवलं तर डिस्कवर चुकीच्या फाइली लिहिल्या जातात, आणि मग सेटिंग मागे घेऊनही त्या दुरुस्त होत नाहीत. चूक न दाखवता मशीन एकदम बंदच झालं तर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि मदरबोर्डवरचे व्हीआरएम (प्रोसेसरचं व्होल्टेज सांभाळणारे भाग) तपासावेत. लोड-लाइन कॅलिब्रेशन (भाराखाली उतरणारं व्होल्टेज सावरणारं सेटिंग) शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवणं हा त्यावरचा इलाज नव्हे. भार सुटताच व्होल्टेज उसळी मारतं.

एका ठिकाणी मात्र टेस्ट नेहमीच्या पद्धतीने लावून भागत नाही. कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगने रायझनचं व्होल्टेज उतरवलं की सगळे कोअर एकत्र चालवताना काहीच बिघडत नाही, आणि रात्री नुसतं चालू ठेवलेलं मशीन रीस्टार्ट होतं. एकटा कोअर सर्वोच्च वेग गाठतो तेव्हाच त्याला व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून प्राइम९५ एका वेळी एकाच कोअरवर, एकाच थ्रेडने चालवावं, आणि जो कोअर चुकेल त्याला कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये दोन-तीन आकडे मागे आणावं. शिवाय विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या डब्ल्यूएचईए-लॉगरची १९ क्रमांकाची नोंद शोधावी. चूक झाली पण सुधारून घेतली, असं ती सांगते. अशी नोंद असलेल्या मशीनला आम्ही स्थिर म्हणत नाही.

प्राइम९५ सोबतच्या स्ट्रेस.टीएक्सटी या फाइलमध्ये तुम्ही ६ ते २४ तास टेस्ट चालवायला सांगता. डळमळीत मशीन बहुधा काही मिनिटांतच चुकतं, पण काही मशीन कित्येक आठवड्यांनी चुकली आहेत, हेही तिथेच लिहून ठेवता. 'एक तास पास म्हणजे झालं' असं खोटं आश्वासन तुम्ही दिलं नाहीत, म्हणून त्या फाइलवर आमचा भरवसा आहे.

आमच्याकडे त्यात उन्हाळ्याची भर पडते. विदर्भात जानेवारीत खोलीत २२ अंश असताना प्रोसेसर ८१ वर थांबत असेल, तर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत त्याच कूलरवर, त्याच भाराला तो ९७ कडे जाणार. हिवाळ्यात पास झालेलं सेटिंग म्हणूनच उन्हाळ्यात, दुपारी, पंखे आणि फिल्टर साफ करून निदान अर्धा तास पुन्हा स्मॉल एफएफटीवर लावावं लागतं. येत्या मे महिन्यातही ते लावलं जाईल. त्याचेही आभार आताच मानून ठेवतो.

आपले कृतज्ञ,
घरच्या घरी ओव्हरक्लॉकिंग करणारे काही मराठी वापरकर्ते