४ जूनचा दिनविशेष अपुरा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी ४ जूनला आपल्या दिनविशेष सदरात १९८९ सालापुढे बीजिंगच्या तिआनमेन चौकातली लोकशाहीवादी निदर्शकांवरची लष्करी कारवाई एवढीच नोंद असते. ती हवीच. पण त्या रविवारी आणखी बरंच काही घडलं. मी इतिहास शिकवायचे तेव्हाही हेच व्हायचं. चीन एका धड्यात, पोलंड दुसऱ्यात, त्यामुळे मुलांना तो दिवस अख्खा कधी दिसलाच नाही.

पहाटे बीजिंगमध्ये सैन्य चौकाकडे निघालं आणि वाटेतल्या रस्त्यांवरच माणसं गोळ्यांना बळी पडली. मृतांची नावनिशीवार यादी सरकारने कधीच प्रसिद्ध केली नाही. मुलं गमावलेल्या आयांनी एकेक नाव शोधून ती जमवली. त्याच दिवशी पोलंडमध्ये मतदान झालं. नको असलेल्या उमेदवाराचं नाव मतदाराने स्वतःच्या हाताने खोडायचं, अशी तिथली रीत होती. कनिष्ठ सभागृहातल्या ६५ टक्के जागा कम्युनिस्ट आणि त्यांच्या मित्रपक्षांना आधीच राखून ठेवलेल्या. तरीही सत्ताधाऱ्यांच्या राष्ट्रीय यादीतल्या ३५ पैकी ३३ जणांना निम्मीसुद्धा मतं मिळाली नाहीत! दोन्हीकडे सत्ता कम्युनिस्ट पक्षाचीच, पण पोलंडमध्ये निकाल मानला गेला आणि ऑगस्टमध्ये विरोधी सॉलिडॅरिटी चळवळीचे मझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले. बीजिंगमध्ये दुसरा इलाजच नव्हता असं कोणी म्हणालं, की मी पोलंडची राजधानी वॉर्सा पुढे ठेवते.

इराणमध्ये सर्वोच्च नेते खोमेनींच्या निधनानंतर त्यांच्या जागी अली खामेनींची निवडही त्याच दिवशी झाली. तिचे परिणाम वाचकांना ठाऊकच आहेत.

मला सर्वाधिक अस्वस्थ करते ती सोव्हिएत रशियातली उफा शहराजवळची दुर्घटना. वायुवाहिनीतला दाब घटला, तेव्हा गळती शोधायची सोडून दाबच वाढवण्यात आला. वायू रुळांलगतच्या सखल भागात साचत गेला. मध्यरात्रीनंतर दोन प्रवासी गाड्या तिथे समोरासमोरून जात असताना स्फोट झाला आणि ५७५ माणसं गेली. काळ्या समुद्रावर सुटीला निघालेली, तिथून परतणारी कितीतरी मुलं त्यांत होती. चार माणसांनी वाहिनीच्या कडेने चालत जाऊन पाहिलं असतं तरी ती वाचली असती, असं मला राहून राहून वाटतं. एवढ्या मोठ्या अपघाताची आपल्याकडे साधी नोंदही सापडत नाही.

यंदा जागा अपुरी पडली तर जन्मदिनांपैकी दोन कमी करा, पण बीजिंगशेजारी वॉर्सा आणि उफा छापा, ही विनंती.

कळावे,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका